व्हिडिओ पाहूनही विणकाम सुधारत नसेल तर: दोष शोधण्याचा क्रम

लक्षणे

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर हे लेखन तुमच्यासाठी आहे.

- ४० टाक्यांनी सुरू केलेली पट्टी २० ओळींनंतर ४७ टाक्यांची झालेली असते आणि टाके नेमके कुठे वाढले ते सापडत नाही.
- व्हिडिओत टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे त्याच्या फाशाच्या दोन बाजू, मोकळे, पसरलेले दिसतात. तुमच्या कामात ते बुडाशी एकमेकांवर चढलेले असतात.
- एकाच टाक्याच्या दोन शिकवण्या पाहिल्या की त्या परस्परविरोधी वाटतात आणि दोन्हींपैकी चूक कोण हे ठरवता येत नाही.
- नमुन्यात सांगितलेल्या नंबराची सुई घेऊनही कपडा बराच मोठा किंवा छोटा होतो.
- जाळीची वीण दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनापर्यंत नीट जाते आणि मग तिरकी सरकू लागते.
- जतन केलेल्या व्हिडिओंची यादी वाढत जाते, पण दर वेळी काम वीतभर होण्याआधीच उसवावे लागते.

ही लक्षणे घेऊन येणाऱ्यांचे विणकाम मी बरीच वर्षे दुरुस्त करत आले आहे. बहुतेक वेळा येणारी व्यक्ती म्हणते की तिला अजून चांगली शिकवणी सापडलेली नाही. सुया हातात घेऊन पाहिले, की लक्षात येते की चांगल्या शिकवण्या तिने आधीच पाहिलेल्या आहेत. तिच्या चुकीला कोणते नाव आहे हे तिला ठाऊक नसल्यामुळे ती दर वेळी ‘विणकाम कसे करावे’ एवढेच शोधते आणि त्याच पहिल्या पायरीवर परत येते. म्हणून खालच्या तपासण्या क्रमाने कराव्यात. पहिल्या पाच तपासण्यांना पैसे लागत नाहीत. सहावीला थोडी लोकर आणि दोन दिवस लागतात. सातवीला कदाचित शुल्क भरावे लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट दोषांच्या यादीतून काढून टाकावी. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशा विणीच्या कडा गुंडाळतात, आणि त्या तुमच्या चुकीमुळे गुंडाळत नाहीत. टाक्याची पुढची आणि मागची बाजू सारखी नसते. त्या असमान ताणामुळे दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची कड पुढे वळते. काठाला सगळ्या सुलट ओळींची किंवा सुलट-उलट टाक्यांची पट्टी घातली की ते थांबते. ‘कडा गुंडाळू नयेत म्हणून काय करावे’ या एका प्रश्नामागे कित्येक जण आठवडे घालवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली तपासणी: व्हिडिओ कसा पाहता

ही तपासणी दोन मिनिटांची आहे, म्हणून आधी करावी. यूट्यूबवर दातेरी चाकाच्या चिन्हाखाली वेग कमी करण्याची सोय असते; ०.५ वेगाने लोकर सुईभोवती कोणत्या बाजूने फिरते ते स्पष्ट दिसते. संगणकावर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळा दाबल्या, तर चित्र एकेक चौकटीने मागे-पुढे सरकते, आणि टाका घेण्याची अवघी अर्ध्या सेकंदाची हालचाल हवी तितकी न्याहाळता येते.

कॅमेरा कुठे ठेवला आहे हेही पाहावे. तो विणणाऱ्याच्या खांद्यावरून पाहत असेल, तर तुम्हाला दिसणारे हात तुमच्या हातांसारखेच असतात. तो समोरून पाहत असेल, तर डावे-उजवे उलटे दिसते आणि लोकर फिरण्याची दिशाही उलटी भासते. नवशिक्याने समोरून घेतलेले व्हिडिओ सरळ वगळावेत. डावखुऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की विणताना दोन्ही हात काम करतात, त्यामुळे बरेच डावखुरे नेहमीच्या पद्धतीनेच छान विणतात. आरशातल्यासारखे उलटे विणायचे ठरवले, तर आलेख, म्हणजे चौकटींत चिन्हांनी दिलेले नमुने, उलट बाजूने वाचावे लागतात आणि घटीचे, म्हणजे संख्या कमी करण्यासाठी घेतलेले, टाके विरुद्ध दिशेला झुकतात. शिकवणी पाहताना हा फरक मनात धरूनच पाहावे.

दुसरी तपासणी: हातातला तुकडा वाचणे

सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात. नवा व्हिडिओ उघडण्याआधी सुईवरचे काम उजेडात सपाट पसरावे, टाके मोजावेत आणि ते कुठे बिघडले आहेत ते बोटाने दाखवावे. बिघाड कडेला आहे, मध्ये आहे, की सगळीकडे सारखा पसरला आहे, यावर पुढचा शोध अवलंबून असतो.

टाके कडेला वाढत असतील, तर बहुधा ओळीच्या आरंभी लोकर सुईवरून मागे टाकली जाते. तसे झाले की पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर आडवे येतात आणि एकाच टाक्याचे दोन टाके दिसतात. आपण ते दोन म्हणून विणतो. दर ओळीला असे झाले तर २० ओळींत २० टाके वाढतात आणि पट्टीचा त्रिकोण होतो. उपाय एका वाक्याचा आहे: काम उलटवल्यावर लोकर सुईच्या खालून मागे न्यावी आणि मगच पहिला टाका विणावा.

टाके मध्येच वाढत असतील आणि तिथे छोटे भोक दिसत असेल, तर सुलट टाक्यावरून उलट टाक्यावर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची राहिली आहे. ती सुईवरून पुढे आली की एक जादा वेढा तयार होतो. जाळीसाठी आपण मुद्दाम घेतो तोच हा वेढा. एक सुलट, एक उलट अशा काठात ही चूक वारंवार होते, कारण तिथे लोकर प्रत्येक टाक्याला मागे-पुढे न्यावी लागते.

टाके कमी होत असतील, तर एखादा टाका गळला आहे किंवा दोन टाके नकळत एकत्र विणले गेले आहेत. गळलेला टाका खाली शिडीसारख्या आडव्या दोऱ्या सोडत जातो. क्रोशाच्या सुईने तो एकेक दोरी पकडत वर आणता येतो. अख्खे काम उसवण्याची गरज नसते. हे एक कौशल्य आले की बाकीचे शिकण्यातली भीती निम्म्याने कमी होते, असा माझा अनुभव आहे, म्हणून टाके घालणे आणि सुलट-उलट आल्यावर लगेच गळलेला टाका उचलण्याची शिकवणी शोधावी, असे मी प्रत्येकाला सांगते.

काम सगळीकडे पट्टेदार दिसत असेल, म्हणजे मागच्या बाजूला दर दोन ओळींनंतर आडवी घळ पडत असेल, तर तुमच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल आहेत. उलट ओळींसाठी थोडी बारीक सुई वापरून पाहावी. टोके बदलता येणाऱ्या गोल सुयांचा, म्हणजे लवचीक तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुयांचा, संच असेल, तर एका बाजूला एक नंबर बारीक टोक लावले की काम भागते.

दोष असा ओळखला की शोधातले शब्द आपोआप नेमके होतात. ‘ओळीच्या सुरुवातीला जादा टाका’, ‘सुलट-उलट काठात चुकून जाळी’, ‘उलट ओळ सैल’, अशा शब्दांनी शोधल्यास तुमच्याच बिघाडावरची दोन-तीन मिनिटांची शिकवणी समोर येते. मराठीत अशा शिकवण्या सापडल्या नाहीत, तर हेच वाक्य इंग्रजीत भाषांतर करून शोधावे आणि व्हिडिओखालची आपोआप भाषांतरित होणारी अक्षरे चालू करावीत; विणकामात डोळ्यांना दिसणारी हालचाल मुख्य असते, म्हणून अर्धवट भाषांतरानेही बरेच भागते.

तिसरी तपासणी: लोकर कोणत्या हातात आणि कोणत्या दिशेने

दोन चांगल्या शिकवण्या परस्परविरोधी का वाटतात, याचे उत्तर इथे आहे. काही जण लोकर उजव्या हातात धरून सुईवर फेकतात. काही जण ती डाव्या हाताच्या तर्जनीवर ताणून सुईने उचलतात. काही जण मानेमागून किंवा छातीशी लावलेल्या पिनेतून आणून डाव्या अंगठ्याने सरकवतात. पहिल्या रीतीला इंग्लिश, दुसरीला कॉन्टिनेन्टल आणि तिसरीला पोर्तुगीज म्हणतात. तिन्हींतून तयार होणारे कापड अगदी सारखे असू शकते. म्हणून कोणती रीत श्रेष्ठ यावर वेळ घालवू नये; तुम्ही कोणत्या रीतीने विणता ते ओळखावे आणि त्याच रीतीची शिकवणी निवडावी. चांगले शिकवणारे सुरुवातीलाच आपली रीत सांगतात. जे सांगत नाहीत, त्यांचे बाकी सगळे उत्तम असले तरी नवशिक्याने त्यांच्याकडे नंतर जावे.

लोकर कोणत्या हातात आहे यापेक्षा ती सुईभोवती कोणत्या दिशेने फिरते हे अधिक महत्त्वाचे आहे. बहुतेक नमुने असे गृहीत धरतात की उजव्या सुईच्या टोकाकडून पाहिले असता लोकर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, सुलट टाक्यातही आणि उलट टाक्यातही. अशा वेळी डाव्या सुईवरच्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय सुईच्या पुढे असतो. डाव्या हातात लोकर धरणाऱ्यांना मात्र उलट टाका घेताना लोकर खालून उचलणे सोपे वाटते. तिथे दिशा पालटते आणि पुढच्या ओळीत त्या टाक्याचा डावा पाय पुढे येतो. हे ध्यानात न घेता सुलट ओळ नेहमीप्रमाणे पुढच्या पायात सुई घालून विणली, की टाक्याला पीळ पडतो.

याची खूण सोपी आहे. गोल सुईवर टोपी विणताना, जिथे सगळ्या ओळी सुलट असतात, तुमचे टाके मोकळे आणि नीट दिसतात, पण सपाट पट्टी विणताना एकाआड एक ओळीचे टाके पिळलेले दिसतात. असे असेल तर दोष तुमच्या उलट टाक्याच्या दिशेत आहे. गोल विणतानाही प्रत्येक टाका पिळलेला असेल, तर तुम्ही सुलट टाका मागच्या पायातून घेत आहात, किंवा सुलट टाक्यातच लोकर उलट फिरवत आहात.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एक, उलट टाक्याची दिशा बदलावी. दोन, ती तशीच ठेवून सुलट ओळीत मागच्या पायात सुई घालावी. या मिश्र रीतीला कॉम्बिनेशन म्हणतात आणि कित्येक कसलेले विणकर तिनेच विणतात. मी नवशिक्यांना पहिला उपाय सुचवते, कारण मिश्र रीतीत टाके वेगळ्या बाजूने बसतात आणि दोन टाके एकत्र विणण्याच्या सूचना जशाच्या तशा पाळल्या तर घटीच्या टाक्यांना पुन्हा पीळ पडतो. तुमचा हात मिश्र रीतीत पूर्ण बसला असेल, तर मात्र तो मोडू नये. तिच्यासाठीच केलेल्या शिकवण्या शोधाव्यात.

पिळलेला टाका म्हणजे केवळ दिसण्यातला फरक, असे समजून तो सोडून देऊ नये. पिळलेल्या टाक्यांचे कापड कमी ताणले जाते आणि सगळेच टाके एका दिशेने पिळलेले असतील तर ते तिरके वळू शकते. मोज्याच्या टाचेला किंवा नक्षीला मुद्दाम घातलेला पीळ उपयोगी असतो. नकळत पडलेला पीळ स्वेटरच्या अंगावर बसण्यात आडवा येतो.

चौथी तपासणी: शब्द आणि नंबर

शिकवणी ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे पाहिल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. सुयांच्या जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांत आकडा वाढला की सुई जाड होते. ब्रिटिश १० नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची असते आणि अमेरिकन १० नंबरची ६ मिलिमीटरची. ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन ८ म्हणजे ५ मिलिमीटर. ७ नंबरला मात्र दोन्हींकडे ४.५ मिलिमीटरच येतात, आणि नेमकी ७ नंबरची सुई वापरणाऱ्याला पहिले काम जमते, दुसरे बिघडते, यामागे कधी कधी एवढेच कारण असते. यावरचा उपाय म्हणजे नंबर विसरून मिलिमीटर लक्षात ठेवणे. छिद्रे असलेली मापपट्टी असेल तर प्रत्येक सुई तिच्यातून घालून पाहावी, कारण जुन्या सुयांवरचे आकडे पुसलेले असतात.

शब्दांचेही तसेच. ब्रिटिश नमुन्यात ज्याला मॉस स्टिच म्हणतात, त्याला अमेरिकेत सीड स्टिच म्हणतात, आणि अमेरिकन मॉस स्टिच ही दोन-दोन ओळींनी बदलणारी वेगळीच वीण असते. ब्रिटिश नमुन्यातला टेन्शन हा शब्द आणि अमेरिकन नमुन्यातला गेज हा शब्द एकाच गोष्टीचे, म्हणजे ठरावीक मापात किती टाके बसतात याचे नाव आहे. क्रोशाचा काठ घालायचा असेल तर अधिकच जपावे, कारण ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजेच अमेरिकन सिंगल क्रोशे.

लोकरीच्या जाडीसाठी क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकन संस्थेने ० ते ७ अशी वर्गवारी ठरवलेली आहे आणि तिचा तक्ता, संक्षेपांच्या यादीसह, ऑनलाइन विनामूल्य पाहता येतो. मध्यम-हलक्या, डीके नावाच्या जाडीचा वर्ग ३ आहे, आणि त्यात सुलट-उलट ओळींच्या विणीचे साधारण २१ ते २४ टाके १० सेंटीमीटरमध्ये बसतात; वर्ग ४ मध्ये १६ ते २० बसतात. ऑस्ट्रेलियन नमुन्यात ८ प्लाय लिहिलेले असेल, तर ती डीकेच समजावी. प्लाय या शब्दावरून आत किती दोरे पिळले आहेत ते मोजत बसू नये; तिथे तो आता जाडीचे नाव म्हणून वापरला जातो.

पाचवी तपासणी: नमुना स्वतःच बरोबर आहे का

विणणाऱ्यांना ही शंका येतच नाही. ते स्वतःलाच दोष देत राहतात. पण चुकीचे नमुने मोठ्या संख्येने फिरत असतात, आणि अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली चित्रे आणि सूचना यांची भर पडली आहे. अशा चित्रात विणीची वेणी कुठेच न जाता मध्येच विरघळते, बाही खांद्याला चिकटते पण टाक्यांची रांग जुळत नाही, आणि सूचनांतील आकडे एकमेकांशी मेळ खात नाहीत.

कागद-पेन्सिल घेऊन एका ओळीची बेरीज करावी. समजा नमुना सांगतो की टाके ६ च्या पटीत अधिक २ असावेत, म्हणजे ४ आवर्तनांसाठी २६. ओळ अशी असेल: १ सुलट, मग ‘एक वेढा, दोनाचा एक, ४ सुलट’ हे आवर्तन शेवटच्या टाक्यापर्यंत, शेवटी १ सुलट. आवर्तनात दोनाचा एक, म्हणजे एकत्र विणलेले दोन टाके, आणि ४ सुलट मिळून ६ टाके खर्च होतात. वेढा, दोनाच्या एकातून उरलेला एक टाका आणि ४ सुलट मिळून ६ टाके परत मिळतात. हिशेब जुळला. वेढा आहे पण त्याच्या जोडीची घट नाही, असे दिसले, तर त्या ओळीला प्रत्येक आवर्तनात एक टाका वाढणार, आणि पुढच्या ओळीत तो कमी केलेला नसेल तर वीण सरकणारच. जाळीचे काम तिरके जाण्याचे कारण तुमच्या हातात आहे की नमुन्यात, हे या पाच मिनिटांच्या बेरजेवरून कळते.

आलेख असेल तर वाचण्याची दिशा तपासावी. सपाट विणताना पुढच्या बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि मागच्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे वाचतात. गोल विणताना सगळ्या उजवीकडून डावीकडे. चिन्हे काम पुढून कसे दिसेल ते दाखवतात, म्हणून मागच्या ओळीत सुलट चिन्हासाठी उलट टाका घ्यावा लागतो. ही एक गोष्ट कळल्यावर ‘आलेख मला जमत नाहीत’ असे म्हणणाऱ्या अनेकांना ते जमू लागलेले मी पाहिले आहे.

नमुना विश्वासार्ह आहे का हे कळण्यासाठी मी रॅव्हलरी वापरायला सांगते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या विणकामाच्या संकेतस्थळाचे सदस्यत्व विनामूल्य आहे. काही नमुने मोफत, काही विकत असतात. माझ्या दृष्टीने तिथला मोठा ठेवा म्हणजे तोच नमुना इतरांनी विणून लिहिलेली टिपणे: कोणती लोकर, किती मिलिमीटरची सुई, कोणत्या ओळीत आकडा चुकला, बाही किती आखूड झाली. वीस जणांनी विणलेल्या वस्तूची वीस छायाचित्रे ज्या नमुन्याजवळ आहेत, तो नमुना एका देखण्या चित्रावर उभ्या असलेल्या नमुन्यापेक्षा नेहमी बरा. रचनाकाराने प्रसिद्ध केलेल्या दुरुस्त्या आधी पाहाव्यात. त्या असणे हे कमीपणाचे लक्षण नाही, कोणीतरी नमुन्याची काळजी घेत असल्याचे ते लक्षण आहे. २००२ पासून चालू असलेले निटी हे ऑनलाइन नियतकालिक नमुने मोफत देते, आणि त्यात अवघडपणाची पातळी दिलेली असते.

साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विणकाम-संग्रहातील एकोणिसाव्या शतकातील पुस्तिका ऑनलाइन वाचता येतात. त्या जरूर पाहाव्यात, पण त्यांवरून शिकण्याचा आरंभ करू नये: त्या काळच्या लोकरी आणि सुयांची मापे आजच्याशी जुळत नाहीत आणि सूचना जाणकाराला उद्देशून लिहिलेल्या असतात.

सहावी तपासणी: मापाचा तुकडा

इथे लोकर आणि धीर दोन्ही खर्च होतात, म्हणून लोक ही पायरी टाळतात. हिशेब पाहा. नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके आहेत आणि १०० सेंटीमीटर घेरासाठी २२० टाके घालायला सांगितले आहेत. तुमचा हात थोडा सैल असून १० सेंटीमीटरला २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटीमीटर भरतील. दोन टाक्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. दहा सेंटीमीटरचा अंगावर दिसतो.

तुकडा निदान १५ सेंटीमीटर लांब-रुंद असावा आणि मोजणी मधल्या १० सेंटीमीटरमध्ये करावी, कारण कडेचे टाके ताणलेले असतात. कपडा जसा धुणार तसाच तुकडा धुवावा, सपाट वाळवावा आणि मगच मोजावा. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर पाण्यात बरीच पसरते. न धुता मोजलेला तुकडा तिच्या बाबतीत दिशाभूल करतो. टोपीसारखे काम गोल विणायचे असेल तर तुकडाही गोल विणावा, कारण तिथे उलट ओळी नसतात आणि हाताचा सैलपणा वेगळा पडतो. टाके जास्त बसले तर जाड सुई घ्यावी, कमी बसले तर बारीक. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करून माप जुळवू नये, तो दहाव्या ओळीपर्यंत आपल्या मूळ सवयीवर परत येतो.

एक धोका इथेच सांगते. काम वाफेने सपाट करण्याच्या शिकवण्या पुष्कळ आहेत आणि त्या बहुधा खऱ्या लोकरीसाठी असतात. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा जास्त वाफ लागली की त्याचा उसळीपणा कायमचा जातो आणि कापड लोंबू लागते; ते पुन्हा पूर्ववत होत नाही. आपला धागा कशाचा आहे हे गुंड्यावरच्या पट्टीवर वाचल्याशिवाय कोणतीही शिकवणी कपड्यावर अजमावू नये, तुकड्यावरच अजमावावी.

सातवी तपासणी: शिकण्याचा क्रम

इथपर्यंत सगळे बरोबर निघाले आणि तरीही प्रगती होत नसेल, तर तुमच्या शिकण्यालाच क्रम नाही. आज टोपी, उद्या वेणीची वीण, परवा रंगीत नक्षी, असे सुटे व्हिडिओ पाहून हाताला सवय लागत नाही. एका कौशल्यासाठी एकच शिकवणारा निवडावा आणि ते कौशल्य वापरणारी एक छोटी वस्तू पूर्ण करूनच पुढे जावे. क्रम मी असा सुचवते: सपाट पट्टी, सुलट-उलट काठ, गोल विणलेली टोपी म्हणजे घट आपोआप येते, मग साधी जाळी, मग मोजा किंवा छोटा स्वेटर. टोपी आणि मोजा यांच्यामधल्या टप्प्यात वेगळ्या रंगाचा पातळ दोरा सुईवरच्या टाक्यांतून ओवून ठेवण्याची सवय लावावी. पुढे चूक झाली तर काम त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागते.

शिकवणारा निवडताना माझी कसोटी एकच आहे. त्याने चूक मुद्दाम करून दाखवली आहे का आणि ती दुरुस्त करून दाखवली आहे का? फिक्या रंगाची गुळगुळीत लोकर, जाड सुया, स्वच्छ प्रकाश, या बाकीच्या गोष्टी अशा शिकवणाऱ्याकडे बहुधा असतातच, कारण त्याला पाहणाऱ्याला काय दिसत नाही हे ठाऊक असते.

शुल्काच्या अभ्यासक्रमाकडे या टप्प्यावर वळावे, आधी नाही. पैसे भरायचे ते अधिक व्हिडिओंसाठी भरू नयेत. तुमचे काम कोणी तपासून त्यावर अभिप्राय देणार असेल तरच भरावेत. अमेरिकेतील द निटिंग गिल्ड असोसिएशनचा तीन पातळ्यांचा हाताने विणण्याचा अभ्यासक्रम याच तत्त्वावर चालतो: शिकणारा ठरलेले तुकडे विणतो आणि जाणकार ते तपासून अभिप्राय देतात. तो कष्टाचा आहे आणि नवशिक्यासाठी नाही, पण चांगली तपासणी कशी असते ते समजण्यासाठी त्याची रूपरेषा वाचण्याजोगी आहे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

विणताना मनगट दुखत असेल, बोटे बधिर होत असतील किंवा रात्री हाताला मुंग्या येत असतील, तर विणणे त्याच दिवशी थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सुई धरण्याची रीत बदलण्याच्या शिकवण्यांनी यावर उपाय शोधू नये.

कपडा दुसऱ्याचा असेल, कोणाची आठवण म्हणून जपलेला असेल, किंवा त्याची लोकर आता मिळत नसेल, तर त्यावर पहिला प्रयोग करू नये. भोक पडलेल्या जागेभोवतीचे टाके दुसऱ्या दोऱ्यावर ओवून घ्यावेत म्हणजे ते पुढे गळणार नाहीत, आणि विणकामाची दुरुस्ती करणाऱ्याकडे तो द्यावा. विणलेले कापड कात्रीने कापून पुढचा भाग उघडण्याचे तंत्रही पहिल्या वेळी जाणकार शेजारी असतानाच करावे. कापलेला टाका परत जोडता येत नाही. कपडा आटून घट्ट नमद्यासारखा झाला असेल, तर कोणाकडेच नेऊ नये, कारण तो मूळ रूपात येत नाही.

आणि सहाव्या तपासणीनंतर तीन तुकडे विणूनही तोच दोष तिन्हींत दिसत असेल, तर चौथा व्हिडिओ उघडू नये. अनुभवी विणकराकडे प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर अर्धा तास मागावा. जाताना तिन्ही तुकडे न उसवता न्यावेत, प्रत्येकाला सुईचे मिलिमीटर लिहिलेली चिठ्ठी बांधावी, गुंड्यावरची पट्टी आणि नमुन्याचा कागद सोबत ठेवावा, आणि आपण विणत असतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ खांद्यावरून घेऊन ठेवावा. दोष बहुधा त्या एका मिनिटातच दिसतो, कारण समोर कोणी बसले की हात नकळत सावध होऊन वेगळे विणू लागतात.